मौलाना आझादांच्या आठवणी आणि त्यांचे वाचक

मौलाना अबुल कलाम आझाद यांचे ‘इंडिया विन्स फ्रीडम’ हे आठवणींचे पुस्तक जानेवारी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा महिने आधी, २२ फेब्रुवारी १९५८ रोजी, त्यांचे निधन झाले होते. १९४० ते १९४६ या निर्णायक काळात काँग्रेसचे अध्यक्षपद आझादांकडे होते आणि सत्तांतराच्या बहुतेक वाटाघाटींत ते स्वतः बसलेले होते. फाळणी टाळता आली असती, हे त्यांच्या साक्षीचे सार. या साक्षीला वाचकांनी वेळोवेळी दिलेला प्रतिसाद क्रमाने पाहिला, तर राजकीय नेत्याच्या आठवणी कशा वाचाव्यात याविषयीची समज कशी घडत गेली, हे लक्षात येते.

पुस्तकाची घडण साधी नव्हती. आझाद उर्दूत बोलत, हुमायून कबीर टिपणे घेत आणि त्यांवरून इंग्रजीत प्रकरण लिहीत. ते प्रकरण आझाद वाचत आणि दुरुस्त करत. तयार मजकुरातील सुमारे तीस पानांचा भाग आझादांनी छापू दिला नाही. संपूर्ण हस्तलिखिताच्या मोहोरबंद प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार येथे ठेवण्यात आल्या. आझादांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी त्या उघडायच्या होत्या. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वाचकांपुढे दोन प्रश्न राहिले: छापलेले शब्द कितपत आझादांचे, आणि न छापलेल्यात काय आहे?

पुस्तकाच्या केंद्रस्थानी १९४६ ची त्रिमंत्री योजना आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे ठेवून प्रांतांचे तीन गट करण्याची ही योजना १६ मे रोजी जाहीर झाली. जूनमध्ये मुस्लिम लीगने आणि पाठोपाठ काँग्रेसने ती स्वीकारली. १० जुलैला मुंबईतील पत्रकार परिषदेत नव्या अध्यक्षांनी, म्हणजे जवाहरलाल नेहरूंनी, घटना समितीत काँग्रेस कोणत्याही कराराने बांधलेली नसेल अशी भूमिका मांडली. महिनाअखेर लीगने स्वीकृती मागे घेतली आणि १६ ऑगस्टच्या ‘प्रत्यक्ष कृतिदिना’ला कोलकात्यात रक्तपात झाला. आझादांच्या मते मुंबईतील ते वक्तव्य घातक ठरले. अध्यक्षपद सोडून नेहरूंचे नाव सुचवण्याचा स्वतःचा निर्णय त्यांनी राजकीय आयुष्यातील मोठी चूक मानला. हेच पुस्तक त्यांनी नेहरूंना मित्र आणि सहकारी म्हणून अर्पण केले होते.

पहिल्या पिढीतील वाचकांनी हे पुस्तक दोषारोपपत्र म्हणून वाचले. नेहरूंच्या चाहत्यांना एका वक्तव्यावर इतका भार टाकणे अन्यायाचे वाटले. फाळणीचा विचार आधी वल्लभभाई पटेलांनी स्वीकारला, असे पुस्तकात म्हटले होते. पटेल १९५० मध्येच गेले असल्याने उत्तर द्यायला ते हयात नव्हते, ही त्यांच्या चाहत्यांची तक्रार होती. मुंबईत १९३७ चे नरिमन प्रकरण पुन्हा निघाले. पारशी असल्यामुळे के. एफ. नरिमन यांना डावलून बाळासाहेब खेरांना नेतेपद दिले गेले, असा आझादांचा आक्षेप होता. गांधीजी आणि डी. एन. बहादुरजी यांच्या चौकशीचा निष्कर्ष मात्र नरिमन यांच्या विरोधात गेला होता, याकडे पटेलांच्या समर्थकांनी बोट दाखवले. पाकिस्तानातील वाचकांनी या पुस्तकात काँग्रेसच्या माजी अध्यक्षाचा कबुलीजबाब पाहिला. या सर्वांचा प्रश्न एकच होता: दोषी कोण?

या प्रश्नालाच पहिला मोठा धक्का राममनोहर लोहियांनी दिला. आझादांच्या पुस्तकाचे परीक्षण लिहायला ते बसले आणि त्यातून १९६० मध्ये ‘गिल्टी मेन ऑफ इंडियाज पार्टिशन’ हे स्वतंत्र पुस्तक तयार झाले. जून १९४७ मध्ये फाळणीची योजना मान्य करणाऱ्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकीला लोहिया आणि जयप्रकाश नारायण खास निमंत्रित होते. त्या खोलीत आझाद कोपऱ्यात सिगारेट ओढत गप्प बसून होते, अशी लोहियांची आठवण आहे. आझादांच्या पुस्तकातून उभे राहणारे फाळणीच्या ठाम विरोधकाचे चित्र या आठवणीशी जुळत नाही. एका साक्षीदाराला दुसरा साक्षीदार भेटला की स्मृतीचे निवडक रूप उघडे पडते. लोहिया आणखी पुढे गेले. ब्रिटिशांची नीती, हिंदू-मुस्लिम दुरावा, थकलेले आणि वय झालेले नेतृत्व अशी कारणांची साखळी त्यांनी मांडली. व्यक्तीच्या चुकीवरून चर्चा समाजाच्या आणि संघटनेच्या अवस्थेकडे वळली.

राखून ठेवलेल्या पानांची तीस वर्षे फेब्रुवारी १९८८ मध्ये पूर्ण झाली. न्यायालयात गेलेल्या वादामुळे काही महिने लांबणीवर पडून त्याच वर्षी संपूर्ण आवृत्ती निघाली. मोठे गुपित बाहेर येईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो मजकूर सलग नव्हता. जागोजागी वगळलेली वाक्ये आणि परिच्छेद परत बसवून ते तारकाचिन्हांनी दाखवले होते. नेहरूंच्या स्वभावाविषयी आणि कृष्ण मेनन यांच्या प्रभावाविषयी त्यात अधिक तिखट मते होती. १९४६ मध्ये आपण पटेलांना पाठिंबा दिला नाही ही आपली दुसरी चूक, असेही आझादांनी म्हटले होते. ज्यांना पटेल-द्वेषाचा संशय होता, त्यांना हे अनपेक्षित होते. ज्यांना स्फोटाची आशा होती, त्यांची निराशा झाली. लपवलेले तेवढेच खरे, हा समज या आवृत्तीने खोटा ठरवला.

तोवर वाचकांच्या हाती वेगळे साधनही आले होते. ब्रिटिश सरकारने १९७० ते १९८३ या काळात सत्तांतराच्या कागदपत्रांचे बारा खंड प्रसिद्ध केले. मराठीत गोविंद तळवलकरांच्या ‘सत्तांतर १९४७’मुळे ही सामग्री इथल्या वाचकापर्यंत पोहोचली. राजमोहन गांधींनी १९८९ मध्ये ‘इंडिया विन्स एरर्स’ लिहून आझादांची विधाने तत्कालीन नोंदींशी ताडून पाहिली. प्रांतांना गटात सक्तीने बसवण्यास काँग्रेसची हरकत मे आणि जून १९४६ मधील पत्रांत नोंदलेली आहे आणि त्या पत्रांखाली सही अध्यक्ष म्हणून आझादांचीच आहे. मतभेद १० जुलैच्या आधीपासून होता, हे यातून स्पष्ट होते. आठवणींची तपासणी आता कागदावर होऊ लागली.

कागद तपासूनही मतभेद संपले नाहीत, कारण ते मूल्यांचेही होते. शेषराव मोरे यांनी ‘काँग्रेसने आणि गांधीजींनी अखंड भारत का नाकारला?’ या ग्रंथात त्रिमंत्री योजनेतील दुबळे केंद्र भारताच्या हिताचे नव्हते, अशी मांडणी केली. आझादांना जी हातची गेलेली संधी वाटते, तीच मोऱ्यांना टळलेले संकट वाटते. घटना तीच, तारखाही त्याच, तरी निष्कर्ष उलट. काळही वाचन बदलतो. केवळ धर्माच्या आधारावर पाकिस्तानचे दोन भाग एकत्र राहू शकणार नाहीत, हे आझादांचे मत १९५९ मध्ये अनेकांपैकी एक मत होते. १९७१ नंतरच्या वाचकाला त्यात दूरदृष्टी दिसली.

या साऱ्यातून आठवणींचे स्थान निश्चित होत गेले. नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून कैदेत असताना आझादांनी लिहिलेली पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध आहेत. पहाटेचा चहा, चिमण्या, पत्नीचा मृत्यू हे त्यांचे विषय. ती त्या दिवसांची साक्ष आहे. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ मात्र फाळणीनंतर जवळपास दशकभराने, स्वतंत्र भारताचा शिक्षणमंत्री असलेल्या माणसाने सांगितलेला हिशेब आहे. १९४६ मध्ये काय घडले, यासाठी तो पत्रे आणि ठरावांबरोबरच वाचावा लागतो. अखंड भारतासाठी आयुष्य वेचलेल्या नेत्याला मागे वळून पाहताना स्वतःचा कोणता निर्णय सलत राहिला, यासाठी मात्र त्याच्याइतका जवळचा पुरावा दुसरा नाही.