काचेपलीकडची जमीन

1930च्या दशकात इंग्लंडच्या ग्रामीण भागात सपाट छपरांची, काचेच्या लांबलचक पट्ट्यांची काही घरे उभी राहिली. विरोधकांनी ती परकी ठरवली, समर्थकांनी परंपरेशी नाते तोडल्याबद्दल त्यांचे कौतुक केले. दोघांचेही लक्ष भिंतींवर आणि छपरावर होते. घराचा आराखडा आणि भोवतालची जमीन एकत्र पाहिली, तर ही घरे इंग्रजी ‘कंट्री हाउस’च्या जुन्या घराण्यातलीच निघतात.

सरे परगण्यातल्या ईशरजवळचे ‘द होमवुड’ घ्या. पॅट्रिक ग्विन या पंचविशीतल्या वास्तुविशारदाने ते आपल्या आईवडिलांसाठी बांधले. 1938 मध्ये ते पूर्ण झाले. चंडीगडमुळे आपल्याला परिचित असलेल्या ल कॉर्ब्युझिएचे ऋण घराखालचे खांब पाहताच कळते. पण बांधकामाचा पैसा आला तो कुटुंबाची वेल्समधली मालमत्ता विकून, आणि जागा होती कुटुंबाच्याच व्हिक्टोरियन घराच्या आवारातली. म्हणजे वाढलेल्या झाडांची बाग आयतीच मिळाली. बैठकीची खोली पहिल्या मजल्यावर आहे. तिची बागेकडची बाजू जवळजवळ सगळी काचेची. तळाला मेपलच्या फळ्या, नाचताना पावलाखाली किंचित लवाव्यात अशा बेताने बसवलेल्या. मुख्य दालन वर चढवून तिथून बाग न्याहाळायची, ही रचना पॅलेडियन वाड्यांनी, म्हणजे इटालियन वास्तुविशारद पॅलेडिओच्या शैलीतल्या वाड्यांनी, इंग्लंडात कधीच रुजवली होती.

अठराव्या शतकातल्या वाड्यांच्या बागांत आणखी एक युक्ती असे. गुरे आत शिरू नयेत म्हणून अडथळा हवा, पण तो खिडकीतून दिसता कामा नये. म्हणून खोल चर खणत, त्याची घराकडची बाजू भिंतीने बांधून काढत आणि पलीकडची उतरती ठेवत. ‘हा-हा’ नावाचा हा चर दिवाणखान्यातून दिसतच नसे; हिरवळ थेट कुरणात मिसळल्याचा भास होई आणि नजर पोहोचेल तिथवरची जमीन मालकाची वाटे. होमवुडची काच नेमके हेच काम करते. आत आणि बाहेर यांतली हद्द ती ठेवते, फक्त दिसू देत नाही.

यावर कोणी म्हणेल की काच तर त्या काळी सगळीकडेच होती: क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत, शाळांत, कारखान्यांत, ती ऊन आणि हवेसाठी होती, देखाव्यासाठी नव्हे. आक्षेप वजनदार आहे, पण ससेक्समधले ‘बेंटली वुड’ त्याला उत्तर देते. वास्तुविशारद सर्ज शर्मायेफने 1938 मध्ये पूर्ण केलेल्या या लाकडी घराची गच्चीवजा फरसबंदी बागेत लांबवर जाते आणि तिच्या टोकाला नुसती उभी चौकट आहे. तिच्यामागे खोली नाही, वर छप्पर नाही. ऊन अडवण्याचा किंवा आत घेण्याचा प्रश्नच येत नाही. दूरच्या टेकड्या चौकटीत बसवून दाखवणे एवढेच तिचे काम. शिल्पकार हेन्री मूरने याच फरसबंदीसाठी हिरवट दगडात पहुडलेली स्त्रीमूर्ती घडवली, तीही या टेकड्यांचे वळण मनात धरून.

शर्मायेफ ग्रोझ्नीत जन्मलेला, त्याच्या घराला स्थानिक परिषदेने परवानगी नाकारलेली (ती पुढे अपिलात मिळाली). अशा घराला इंग्रजी कसे म्हणायचे? पण पॅलेडिओ तरी कुठे इंग्रज होता? इंग्रज वास्तुविशारद इनिगो जोन्सने सतराव्या शतकात ती शैली इटलीतून आणली आणि दोन-तीन पिढ्यांत तीच अस्सल इंग्रजी ठरली. शैली आयात करणे हाच या घराण्याचा जुना रिवाज.

वर्गभेदाचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. होमवुडच्या आराखड्यात नोकरांची सोय वेगळी होतीच, आणि नजर मोकळी सोडायची तर नजरेइतकी जमीन गाठीला हवी. नव्या वास्तुकलेने समतेची भाषा केली, पण या घरांत ती भाषा जमिनीच्या मालकीपाशी थांबली. हे मान्य केल्यानेच त्यांचे जतन कसे करावे हे नीट ठरवता येते. ग्विनने होमवुड वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केले ते तिथे कुटुंब राहावे या अटीवर, आणि ते योग्यच झाले. पण काँक्रीटच्या भेगा बुजवून आणि काचा बदलून तिथले काम संपत नाही. काचेसमोरचे रान वेळोवेळी विरळ करणे, वठलेल्या झाडाच्या जागी नवे लावणे, कडेला नवी इमारत डोकावू न देणे, यांवरचा खर्च दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा.