ओरिजिनल म्हणजे नक्की कधीची?

आमच्या घरी एक फियाट आहे. १९७३ची. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी घेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. हिच्याच पुढच्या बहिणींना १९७४पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती पाहिली असेल. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून लोक आमच्या गाडीकडे जरा जास्तच प्रेमाने बघतात. सिग्नलला फोटो काढतात, विचारतात, “ओरिजिनल आहे का?” बाबा छाती फुगवून सांगतात, “एक वायरसुद्धा बदललेली नाही.”

गेल्या जुलैत याच वाक्यावरून आमचं भांडण झालं.

खंडाळ्याचा घाट, संध्याकाळ, धो धो पाऊस आणि धुकं. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं आणि गाडी एका वळणाच्या जरा पुढे बंद पडली. या गाडीला हॅझार्ड लाइट नाहीत. इंडिकेटर एका वेळी एकाच बाजूचा लागतो, आणि त्यावरून मागच्याला वाटतं, हे वळतायत. शेवटी आई उतरली. वळणापर्यंत मागे चालत गेली आणि छत्री सांभाळत मोबाइलचा टॉर्च हलवत उभी राहिली. फोन सहा टक्क्यांवर होता. एका ट्रकवाल्याला ती दिसली, पण फार उशिरा. त्या ब्रेकचा आवाज मला अजून ऐकू येतो.

घरी आल्यावर मी म्हटलं, हॅझार्ड बसवू या. आणि मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट. बाबा म्हणाले, “आबांची गाडी आहे. होती तशीच राहील.”

मला आधी थीसियसचं जहाज आठवलं. प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट आहे: अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपून ठेवलं, कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेले, आणि तत्त्वज्ञ वाद घालत बसले की हे जहाज तेच का? प्रश्न भारी आहे, पण घाटात तो कामाला येत नाही. कारण त्या जहाजाच्या मागून ट्रक येत नव्हता. जपून ठेवलेल्या वस्तूचं देणं फक्त भूतकाळाशी असतं. तीच वस्तू रस्त्यावर आणली, की मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचंही तिच्यावर देणं चढतं. आपल्या आठवणी जपण्याची किंमत त्याने का मोजायची?

कायदा इथे फार आडवा येत नाही. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज गाडी म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली. चार दिवे एकदम लुकलुकले म्हणून तिचं वय कमी होत नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्यांनीही यावर विचार करून ठेवलाय. १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय, की नव्याने घातलेला भाग एकूण वास्तूशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. म्हणजे नवं घालायला हरकत नाही, ते जुनं म्हणून खपवायला आहे.

हे सगळं मी बाबांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दिवे मागच्यासाठी. पटलं. सॉकेट कोणासाठी?”

मी गप्प.

“सॉकेट आलं की तू मॅप लावणार, गाणी लावणार. या गाडीत आपण एकमेकांशी बोलतो रे. दुसरीकडे कुठे बोलतो?”

हा मुद्दा वायरींचा नव्हताच. मी मूळ वस्तू जपण्याबद्दल बोलत होतो, ते त्या वस्तूमुळे लागलेली एक सवय जपत होते. आणि खरं सांगायचं, तर सहा टक्क्यांचं निमित्त करून मला गाणीच हवी होती. पण ते सहा टक्केही खोटे नव्हते. टॉर्च विझला असता तर?

शेवटी वायरमनकाका आले. त्यांनी समजावलं: इंडिकेटरचा जुना फ्लॅशर एका बाजूच्या बल्बांपुरता असतो. २१ वॅटचे चारही बल्ब एकदम लावले की ८४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सात अँपिअर. म्हणून वेगळा दणकट फ्लॅशर, बॅटरीजवळ फ्यूज, आणि चावी काढली तरी चालेल असा स्विच. कारण हे दिवे उभ्या गाडीसाठीच असतात. (धुक्यात हॅझार्ड लावून गाडी पळवणाऱ्यांनो, तुम्ही कुठे वळताय ते मग कुणालाच कळत नाही.)

स्विचची पट्टी कुठे लावायची, म्हणून काका डॅशबोर्डखाली घुसले आणि ओरडले, “अहो, इथे भोकं आहेतच की!”

स्क्रूची दोन जुनी भोकं. शेजारी कापलेली वायर, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “कॅसेट प्लेअर. आबांनी बसवला होता. मी पाचवीत असेन. नंतर बिघडला.”

म्हणजे एक वायर तरी बदलली होती. आबांनीच बदलली होती, आणि तीही गाण्यांसाठी. बाबांची ‘ओरिजिनल’ गाडी १९७३ची नव्हतीच. कॅसेट प्लेअर निघाल्यानंतरची होती, त्यांना आठवते ती. आपण बहुतेक जण असंच करतो. परंपरा, घर, भाषा, काहीही घ्या. आपण पहिल्यांदा नीट पाहिलं तो दिवस आपण मूळ धरतो आणि त्यानंतरच्या बदलाला बिघाड म्हणतो.

स्विच त्याच दोन भोकांत बसला. नवीन भोक पाडलं नाही, जुनी वायर कापली नाही. उद्या कुणाला काढायचा असेल तर दहा मिनिटांचं काम. सॉकेटही आलं, पण ग्लोव्ह बॉक्सच्या आत. फोन आत ठेवायचा, झाकण लावायचं. चार्ज होतो, दिसत नाही. ही अट बाबांची, आणि मला ती मान्य आहे. निदान लोणावळ्यापर्यंत.

परवा सिग्नलला एकाने पुन्हा विचारलं, “ओरिजिनल आहे का?”

बाबा क्षणभर थांबले. “दिवे सोडून,” म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “आणि कॅसेट प्लेअर.”