उजेड आणि नजर

मागच्या हिवाळ्यात आम्ही माळा आवरला आणि माझ्या टेबलासाठी तिथे जागा केली. घर शेफील्डमधलं, १९३०च्या दशकात बांधलेलं, एका भिंतीनं जोडलेल्या दोन घरांपैकी एक. माळा कोरडा आणि शांत, पण दुपारी तीनलाही दिवा लावावा लागायचा. म्हणून छपरात दोन खिडक्या बसवायच्या ठरल्या. एक बाजूच्या उतारावर, जिन्यात उजेड यावा म्हणून. दुसरी मागच्या उतारावर, टेबलासमोर. काम करणारा माणूस मोजमापं घ्यायला आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "परवानगी कुणाची काढायची?" सोसायटीच्या एनओसीवर वाढलेलं माणूस दुसरं काय विचारणार! तो म्हणाला, "कुणाचीच नाही."

हे अगदी शब्दशः खरं नाही. १९४७ च्या नियोजन कायद्यानं इथे जमिनीवर हवं ते बांधायचा मालकाचा हक्क सरकारी परवानगीला बांधून टाकला. पण प्रत्येक किरकोळ कामासाठी अर्ज आले असते तर कौन्सिलं कागदाखाली गाडली गेली असती. म्हणून अशा कामांना परवानगी आगाऊ आणि सरसकट देऊन ठेवलेली आहे. तिला ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये त्यासाठी २०१५ चा आदेश लागू आहे. छपरातल्या खिडकीसाठी त्यातल्या अटी मोजक्याच. ती उतारापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वर येता कामा नये, छपराच्या माथ्यापेक्षा उंच जाता कामा नये. बाजूच्या उतारावर असेल तर काच धूसर हवी, आणि उघडणारा भाग खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या वरच हवा. फ्लॅटना ही सवलत नाही, वारसा यादीतल्या घरांना वेगळी संमती लागते, आणि बांधकामाच्या सुरक्षिततेचे नियम असतात ते असतातच. शिवाय माळ्यावर वटवाघळांचा मुक्काम असेल आणि कामामुळे त्याला धक्का लागणार असेल, तर सरकारी परवाना काढावा लागतो. "म्हणजे वटवाघळांचा विचार करायचा, शेजाऱ्यांना मात्र विचारायचं नाही," असं नवरा म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

त्या १.७ मीटरवर मात्र मी अडकले. या आकड्यात कुणाचा तरी डोळा गृहीत धरलेला आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. त्या फटीतून मला टाचा उंचावूनही काही दिसणार नाही. नवरा पाच फूट अकरा. त्यानं जराशी मान ताणली की झालं. तरीही मला हा नियम आवडला, कारण तो दोन गोष्टी वेगळ्या करतो. उजेड हवा तेवढा घ्या, नजर बाहेर सोडू नका.

राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या छपराला एक काचेचं कौल होतं. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत भिंतीवर चढायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. त्या कौलातून आभाळसुद्धा धड दिसायचं नाही, काच धुरानं इतकी काळवंडलेली. कौल बसवताना कुणाला विचारायचा प्रश्नच आला नसणार. त्याच वाडीत एकानं दुसऱ्याच्या खळ्याकडे खिडकी काढली, तर दोन घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कौल आणि खिडकी यांतला फरक वाडीत सगळ्यांना ठाऊक होता. तो कुठे लिहिलेला नव्हता इतकंच.

आता आमच्या मागच्या उताराबद्दल. त्याला धूसर काचेची अट नाही. सपाट जमिनीवर हे ठीक आहे: बाजूचं घर चार हातांवर असतं, मागचं बागेपलीकडे. पण शेफील्ड टेकड्यांवर वसलेलं आहे. आमच्या बाजूच्या उतारासमोर शेजाऱ्यांची कोरी भिंत आहे आणि तिच्यात न्हाणीघराची एक धूसर खिडकी, म्हणजे तिथे बघण्यासारखं काहीच नाही. मागे मात्र जमीन झपकन उतरते. खालच्या मजल्यांवरून बघितलं तर मधलं हॉलीचं झाड आड येतं. माळ्यावरून येत नाही. जिथे खिडकी बसणार होती तिथलं एक कौल काढून मी बाहेर डोकावले, तर समोर पश्चिमेला डोंगरांची लांबलचक रेघ, आणि थेट खाली, ताटात वाढल्यासारखी, मागच्या घराची बाग. तिथे सत्तरीच्या एक बाई एकट्या राहतात. ऊन पडलं की सकाळी त्या गाऊनमध्येच चहाचा कप घेऊन बागेत बसतात. त्या दिवशीही बसल्या होत्या.

कायदा कडक होता तो जिथे काही दिसत नाही तिथे, आणि गप्प होता तो जिथे सगळं दिसतं तिथे. यात कायद्याला दोष देण्यासारखं काही नाही. सगळ्या इंग्लंडसाठी एकदाच लिहिलेल्या नियमाला आमची टेकडी कशी दिसणार?

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला उडवून लावता आलं नाही. तो म्हणाला, "नियम शेजाऱ्याची मर्जी विचारत नाही, हेच त्यातलं चांगलं आहे. मर्जी विचारायची ठरली तर आपण त्यांना आवडतो का, हेही त्यात येतं." परदेशात घर घेतलेल्या कुणालाही हे कळेल. आमच्या खिडकीला जो नियम, तोच या रस्त्यावर तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाच्या खिडकीला. इंच टेपला माणसाचं आडनाव वाचता येत नाही. हे सोडून मी कशाला शेजाऱ्यांच्या दारात उभी राहू?

इंग्लंडच्या कायद्यानं या प्रश्नावर पुष्कळ डोकं खर्च केलं आहे. एखाद्या खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड येत राहिला तर त्या उजेडावर हक्क लागू शकतो, ही १८३२ च्या कायद्यातली तरतूद अजून चालू आहे. दृश्यावर मात्र तसा हक्क नाही. १६१० च्या ऑल्ड्रेड खटल्यापासून ते असंच धरलं जातं. अलीकडचा गाजलेला खटला टेट मॉडर्नचा. या कलादालनाच्या २०१६ साली उघडलेल्या नव्या इमारतीत दहाव्या मजल्यावर प्रेक्षकांसाठी सज्जा होता, आणि तिथून समोरच्या काचेच्या फ्लॅटमधला संसार दिसायचा. २०१९ साली उच्च न्यायालयानं म्हटलं की राहणाऱ्यांना पडदे लावता येतील. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी रहिवाशांच्या बाजूनं निकाल दिला. लाखो लोकांनी टक लावून बघण्यापासून बचाव करायचं ओझं ज्याच्याकडे बघितलं जातं त्याच्यावर टाकता येत नाही, हा त्यातला मला पटलेला भाग. पण शेजाऱ्याच्या साध्या खिडकीतून एरवी जे दिसतं, त्याला कोर्टानं हात लावला नाही. तिथे आपण आणि आपला शेजारी.

मग जाऊन विचारावं, असं ठरवलं. आणि लगेच लक्षात आलं की हे दिसतं तितकं सरळ नाही. कायद्यानं हक्क माझा आहे हे मला माहीत, त्यांनाही बहुधा माहीत असणार. अशा वेळी "तुमची काही हरकत नाही ना?" हा प्रश्न नसतोच. "हो, आहे" म्हणायचं तर त्यांना कुरकुऱ्या म्हातारीची भूमिका घ्यावी लागणार, तीही दारात हसत उभ्या असलेल्या परक्या मुलीसमोर. त्या "छे छे" म्हणतील, मी केकचा डबा देऊन परत येईन आणि माझ्याकडे शेजारधर्माचं प्रमाणपत्र असेल. ‘नाही’ ऐकायची तयारी नसताना विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, असं मला अजूनही वाटतं. न विचारणारा निदान त्यांच्याकडून संमती उकळत तरी नाही.

तेव्हा आधी स्वतःला विचारलं: त्या नाही म्हणाल्या तर मी काय करीन? इथे एक गोष्ट उघडी पडली. तेवढ्याच आकाराची खिडकी उतारावर आणखी वर सरकवली, खालची कड १.७ मीटरच्या वर ठेवली, तर उजेड कमी होत नाही. म्हणजे इतके दिवस मी घरात उजेडाची बाजू मांडत होते ती खोटी होती. मला डोंगर हवे होते.

दोन चित्रं काढली, एक खालच्या खिडकीचं, एक वरच्या. दोन्हींतून त्यांच्या बागेतलं काय दिसेल तेही काढलं. केक नेला नाही. "यातलं कुठलं बसवू? तुम्ही सांगाल ते बसवीन," असं म्हटलं. त्यांनी चष्मा आणला, दोन्ही चित्रं स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरली, आणि भिडेखातर एक क्षणही न दवडता वरच्या खिडकीवर बोट ठेवलं. "ही," म्हणाल्या. आभार वगैरे काही नाही. मला जरा लागलं. त्यावरून कळलं की इतकं सगळं ठरवूनसुद्धा "कुठलंही चालेल गं" हे ऐकायला मी आसुसलेली होते.

खिडकी वर बसली. टेबलावर भरपूर उजेड येतो. नवरा डोंगर बघतो. मी त्याला काही म्हणत नाही, तोही जास्त वेळ थांबत नाही. मला बघायचे असतील तर स्टुलावर चढावं लागतं. बागेतली खुर्ची रिकामी असेल तर मी थांबते, नसेल तर उतरते. ती रिकामी आहे की नाही, हे कळायला मात्र आधी खाली बघावंच लागतं.