रोषातून उभी राहिलेली वास्तू

जळगावहून भुसावळकडे निघाले की महामार्गालगत आमचे नशिराबाद लागते. गेली काही दशके येथे सिमेंटचा कारखाना आहे. बांधकामावर देखरेख करण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, त्यामुळे कोणतीही वास्तू आधी खालून पाहण्याची सवय जडली. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्येही मी प्रथम जिन्याखाली थांबलो. स्लॅबच्या पोटावर शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा दिसतात का, सांध्यातून पाणी झिरपते का, हे पाहून मगच वर गेलो. सोबतचे गावकरी तोवर जागा धरून बसले होते आणि माझ्या या खोडीला हसत होते.

वानखेडेचा जन्म भांडणातून झाला, हे सर्वश्रुत आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम 1937 साली समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभे राहिले. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. मुंबईतले कसोटी सामने तेथेच होत. पण सामन्याची जबाबदारी वाहणाऱ्या मुंबई क्रिकेट संघटनेला आपल्या संलग्न क्लबांसाठी पुरेशी तिकिटे मिळत नसत. वर्षानुवर्षे बोलणी झाली आणि फिसकटली. अखेर संघटनेने स्वतःचे मैदान बांधण्याचा निश्चय केला. त्यामागे उभे राहिले विदर्भातले नेते शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते. जागा निवडली ती ब्रेबॉर्नपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, चर्चगेटच्या रेल्वेमार्गाला खेटून.

वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार हे काम सुमारे 13 महिन्यांत पुरे झाले. काँक्रीट माणसाच्या घाईला दाद देत नाही; त्याला पाणी पाजावे लागते, दिवस द्यावे लागतात. एवढ्या मुदतीत हजारो माणसांचा भार पेलणारे सज्जे उभारायचे, तर आखणी किती काटेकोर हवी, हे ज्याने एक साधा स्लॅब वेळेत भरून घेतला आहे त्यालाच उमजेल. जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइड नाबाद 242 धावा करून गेला. त्याच्या द्विशतकाचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली, तेव्हा प्रेक्षागृहात दंगल उसळली. वास्तू नवी होती; प्रेक्षकाला वागवण्याची रीत मात्र जुनीच राहिली होती.

2011च्या विश्वचषकासाठी वानखेडेचा मोठा भाग पाडून पुन्हा बांधण्यात आला. आताचे छत मला विशेष वाटते. टेफ्लॉनचा लेप दिलेले ते कापड मागच्या बाजूने पेलले आहे, पुढे खांब नाही, त्यामुळे कोणाच्याही दृष्टीआड खेळपट्टी जात नाही. खाली साचणारी उष्ण हवा ओढून घेण्यासाठी वर पंखे बसवलेले आहेत. स्वतंत्र खुर्च्या आल्या, पाठ टेकता येऊ लागली. पूर्वी 40,000हून अधिक माणसे सामावत. आता सुमारे 33,000. बाकावर सरकून आणखी एकाला जागा देता येते, खुर्चीवर देता येत नाही. सुखसोय वाढली की संख्या घटते, याबद्दल तक्रार नाही. घटलेल्या जागा कोणाच्या, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मिळाले. 2 एप्रिल 2011च्या त्या सामन्याची जेमतेम 4,000 तिकिटे सर्वसामान्यांना विक्रीसाठी होती. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय आणि भारतीय मंडळे, प्रायोजक यांच्यात वाटली गेली. तिकिटांच्या वाटपात अन्याय होतो म्हणून जे मैदान उभे राहिले, त्याच्याच दाराशी पस्तीस-छत्तीस वर्षांनी सामान्य रसिक त्याच तक्रारीसह उभा होता. यात कोणी दुष्टपणा केला असे मला वाटत नाही. आपल्यावरचा अन्याय स्पष्ट दिसतो, कारण तो आपल्याला बोचतो. आपल्या हातून होणारा अन्याय नियम, करार आणि कोटा अशा सभ्य नावांनी समोर येतो. रोषामध्ये बांधण्याचे बळ असते, हे 13 महिन्यांनी सिद्ध केले. वाटणीचा विवेक त्या बांधकामात आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळे काम करावे लागते, आणि त्या कामाचे उद्घाटन कोणी करत नाही.

ब्रेबॉर्नचेही सांगितले पाहिजे. 1973 नंतर तेथे जवळपास 37 वर्षे एकही कसोटी झाली नाही. इतकी देखणी, सुस्थितीतली वास्तू एका अबोल्यामुळे कसोटी सामन्यांवाचून राहिली. सार्वजनिक साधनांचा याहून मोठा अपव्यय मला आठवत नाही. मग डिसेंबर 2009 मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी तेथे खेळवली गेली, आणि वीरेंद्र सेहवागने 293 धावा केल्या. कारण साधे होते: वानखेडेवर काम चालू होते. ज्याच्यावाचून आपले अडू नये म्हणून हे मैदान बांधले, अडचणीत त्याचाच आधार घ्यावा लागला.

वानखेडेची पुढची दुरुस्ती कधीतरी निघेलच. तेव्हा एका सज्ज्याचा वरचा टप्पा बाकांचा ठेवावा आणि त्याची तिकिटे कोणत्याही कोट्यात न धरता खिडकीवर विकावीत, असे माझे मत आहे. खांबाशिवाय एवढे छत तोलून धरणाऱ्यांना हे अवघड नाही.