पौषातील कुंडी

१९३५ च्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद वेधशाळेच्या दप्तरी आहे. तसा कडाका आता पडत नाही, तथापि उष्ण प्रदेशातून आलेला मनीप्लांट आपल्या दिवाणखान्यात ज्या निमूटपणे पौष सोसतो, ते पाहिले की त्याच्या देखभालीत कसूर होऊ नये असे मनापासून वाटते. या ऋतूत वाढ मंदावते, मुळांची तहान ओसरते, आणि आपण मात्र ममतेपोटी रोज पाणी घालून तीच मुळे कुजवतो. म्हणून आधी बोटाचे पेर मातीत खुपसावे, ओल लागली तर तांब्या खाली ठेवावा, आणि दक्षिणेकडे कललेल्या सूर्याचे कोवळे ऊन ज्या खिडकीतून आत येते तिच्यापाशी कुंडी सरकवून पानांवरची धूळ ओल्या फडक्याने हलकेच पुसावी. खत मात्र फाल्गुनापर्यंत तहकूब ठेवावे, ही विनंती.