क्षमा कोणाच्या वतीने?

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मंडळींना बसचालकांचा उर्मटपणा नवा नाही. थांब्यापुढे गाडी नेणे, उतरणाऱ्यावर खेकसणे, हे आम्ही मुकाट्याने सोसतो. ‘गरिबाच्या पोटावर पाय कशाला?’ म्हणून तक्रारही करीत नाही. परंतु ही क्षमा करण्याचा अधिकार आमचा आहे काय?

अपशब्द आम्हांला लागला, तर तो विसरणे आमच्या हाती आहे. बेफाम वेगाचे तसे नाही. तेथे पादचाऱ्याचा, सायकलस्वाराचा जीव पणाला लागतो. त्यांच्या वतीने उदार होणारे आम्ही कोण? नोव्हेंबर १९९७ मध्ये वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली. त्यानंतरच सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील बसगाड्यांना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली.

१९९२ पासून आलेल्या खाजगी बसगाड्यांत चालकांची कमाई बहुधा जमलेल्या भाड्यावर ठरे; तेव्हा त्या शर्यतीचा दोष एकट्या चालकाचा नव्हता. म्हणून तक्रारीत गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण लिहावे. राग लिहू नये. उर्मटपणा पोटात घालावा, बेदरकारपणा मात्र कदापि घालू नये.