यंत्र उचकटणाऱ्यांच्या बाजूने

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्यांच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना त्यामुळे चाप बसला. त्याआधी, जुलै 2024 मध्ये, अरिजित सिंग यांनाही याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं होतं. दोन्ही आदेश योग्यच आहेत. मात्र त्यांच्या आडून आता एक वेगळंच बोललं जातं: न्यूरल नेटवर्कमधून, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर घडवलेल्या संगणकीय जाळ्यातून, निघणारा प्रत्येक स्वर चोरीचा, तेव्हा असल्या यंत्राला मैफलीत पाऊलही ठेवू देऊ नये. हे पटण्यासारखं नाही.

मराठी रसिकाने असा बहिष्कार पूर्वी पाहिला आहे. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती अंशतः उठायला 1971 उजाडलं. गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखाली जी पेटी गात होती, तिच्यावर मुख्य आक्षेप होता तो ठरलेल्या पट्ट्यांचा. दोन स्वरांमधली वाट तिच्याकडे नाही, मींड तिला घेता येत नाही. आक्षेप खरा होता. बंदी चुकीची होती.

न्यूरल यंत्राला तर तो आक्षेपही लागू पडत नाही. 2020 च्या स्वातंत्र्यदिनी गूगलने ‘साउंड्स ऑफ इंडिया’ हा प्रयोग आणला. राष्ट्रगीत गायचं आणि आपलंच गाणं बासरीत, सनईत किंवा सारंगीत ऐकायचं. त्यामागचं डीडीएसपी हे तंत्र गाणाऱ्याचा स्वर किती उंच आणि किती जोरकस आहे हे सतत टिपतं आणि त्याबरहुकूम वाद्याचा आवाज घडवतं. मध्ये पट्टी येत नाही, म्हणून स्वर घसरत गेला की सनईही घसरत जाते.

पण ही झाली सरळ चाल. कलावंताचं काम पुढे सुरू होतं. 2021 मध्ये पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत अँतोआन कायों आणि फिलिप एस्लिंग यांनी ‘रेव्ह’ हे मॉडेल तयार केलं. त्याचा एक भाग आवाज दाबून मोजक्या आकड्यांत बसवतो, दुसरा त्या आकड्यांतून पुन्हा आवाज उभा करतो. साध्या लॅपटॉपवर हे काम प्रत्यक्ष वेळेच्या वीसपट वेगाने होतं, म्हणूनच ते रंगमंचावर वाजवता येतं. वादक या दोन भागांच्या मधोमध हात घालतो: आकडे उलटे करतो, एकाच्या जागी दुसरा सोडतो, निघालेला आवाज परत आत ढकलतो. मॉडेल जे शिकलेलं नाही ते त्याला बोलावं लागतं आणि ते अडखळतं, घरघरतं. ती घरघर ऐकून पुढचा हात कुठे टाकायचा, हे वादकाला त्याच क्षणी ठरवावं लागतं. रागाची बढत करणाऱ्याला ही अवस्था ठाऊक असते.

यंत्राच्या आत हात घालून वाजवण्याच्या या वाटेचा खरा पूर्वज डेव्हिड ट्यूडर. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) स्टुडिओत मूग हा विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर बसवला तो याच अमेरिकन वादकाने. त्यामागे गीता साराभाई होत्या, ज्यांनी 1946 मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे दिले होते. त्या स्टुडिओत अतुल देसाई, आय. एस. माथूर या संगीतकारांनी केलेल्या ध्वनिफिती पुढे कित्येक दशकं पडून राहिल्या आणि 2023 मध्ये प्रकाशित झाल्या. ट्यूडर मात्र थांबले नाहीत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंटेलची न्यूरल चिप हाताशी घेतली. तिच्यात 64 कृत्रिम चेतापेशी आणि त्यांच्यातले 10,240 जोड होते. तिला कुणाची नक्कल शिकवण्याच्या फंदात ते पडलेच नाहीत. तिचा आवाज तिलाच परत पाजला, ती स्वतःहून थरथरू लागली, आणि त्या थरथरीला वळण देणं हेच त्यांचं वादन झालं. ‘न्यूरल सिंथेसिस’ ही त्यांची रचनामाला अशी घडली. त्यात कुणाचा गळा नाही.

आणि इथेच हार्मोनियमचा दाखला अपुरा पडतो, हे कबूल केलं पाहिजे. पेटीच्या सुरांमध्ये कुणा गायिकेचं आयुष्य साठवलेलं नव्हतं. ट्यूडरची चिपही रिकामी होती. आजचं मॉडेल रिकामं नसतं. ते कुणाच्या तरी ध्वनिमुद्रणांवर पोसलेलं असतं, आणि त्याला कितीही मोडलं तरी तो माणूस आतून डोकावत राहतो. म्हणजे बहिष्कार घालणाऱ्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. प्रश्न यंत्राच्या प्रवेशाचा नाही, त्याच्या पोटात काय गेलं याचा आहे. अमेरिकन संगीतकार हॉली हर्नडन यांनी 2019 च्या ‘प्रोटो’ या अल्बमसाठी आपल्या आणि आपल्या गायकवृंदाच्या आवाजावर मॉडेल शिकवलं. गाणाऱ्यांना ठाऊक होतं आपण कशासाठी गातो आहोत. मैफलीत प्रवेश द्यायचा तर याच अटीवर.

ही अट पाळणं, उदाहरणार्थ नागपुरात, अवघड नाही. तिथल्या हुडकेश्वरच्या रस्त्यावरून धुमालची, म्हणजे मिरवणुकीत वाजणाऱ्या बँडची, गाडी निघते तेव्हा पॅड आणि कीबोर्डवाले वादक कारखान्याने भरून दिलेल्या आवाजांना भलत्याच कामाला लावत असतात. यंत्र उचकटण्याची विद्या त्यांच्या हातात आहेच. त्यांनी आपल्याच ढोलाचं, आपल्याच मंडळाच्या गळ्यांचं काही तासांचं ध्वनिमुद्रण करावं. रेव्ह मोफत उतरवून घेता येतं. मॉडेल शिकवायला ताकदवान संगणक लागतो आणि ते काम काही दिवस चालतं. तेवढी सोय शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने करून द्यावी. आणि नागपूरच्या संगीतसभांनी पुढच्या हंगामात या वादकांना अर्धा तास द्यावा.